नाविक पंचांगाचे तपासनीस

आजच्या भाषणाचा विषय एका पुस्तकाच्या तपासणीचा आहे. पुस्तक इंग्लंडांतलें, तें प्रथम निघाल्याला अडीचशें वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि त्याच्या बहुतेक पानांवर आंकड्यांखेरीज दुसरें कांहीं नाहीं. अशा पुस्तकांत श्रोत्यांना काय गोडी वाटणार, ही शंका साहजिक आहे. परंतु एकच लिखाण अनेकांनीं मिळून करावयाचें असलें म्हणजे लिहिणारा कोण, पडताळून पाहणारा कोण, आणि चूक राहून गेली तर जाब कोणाला विचारावयाचा, हे प्रश्न निघतातच. मग तें लिखाण कचेरींतील अहवाल असो, शाळेचें क्रमिक पुस्तक असो, कीं एखाद्या यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तिका असो. ह्या आंकड्यांच्या पुस्तकापायीं कांहीं माणसांना ह्या प्रश्नांचीं उत्तरें फार काळजीनें शोधावीं लागलीं. कारण तेथें चुकीचा दंड लिहिणाराला भरावा लागत नसे. तो दूर समुद्रावर असलेल्या खलाशांना भरावा लागे.

त्या पुस्तकाचें नांव 'नॉटिकल अल्मनाक', म्हणजे नाविक पंचांग. महाराष्ट्रांतील घरांशीं त्याचा अगदींच संबंध नाहीं असें नाहीं. प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे यांच्या खटपटीनें शके १७८७, म्हणजे इ. स. १८६५, पासून जें पटवर्धनी पंचांग निघूं लागलें, त्याचें गणित ह्याच नाविक पंचांगाच्या आधारें होत असे. जुन्या पंचांगांतील ग्रह आकाशांत त्या जागीं सांपडत नाहींत, ही छत्र्यांची तक्रार होती. आणि ज्या आंकड्यांवर विश्वास ठेवावा असे आंकडे त्यांना ह्या परदेशी पुस्तकांत दिसले. तो विश्वास त्या पुस्तकानें कसा मिळविला, आणि मध्यंतरीं तो घालवून पुन्हां कसा मिळविला, एवढीच आजची हकीकत.

जहाजावरच्या माणसाला आपले अक्षांश काढणें फारसें कठीण नसतें. दुपारचा सूर्य किंवा रात्रीचा ध्रुव पाहून तें काम होतें. रेखांशाचें तसें नाहीं. त्यासाठीं आपल्या ठिकाणीं किती वाजले हें जसें कळावें लागतें, तसें त्याच क्षणीं ग्रीनिचला किती वाजले असतील हेंहि कळावें लागतें. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. तेव्हां दोन वेळांच्या फरकावरून रेखांश निघतो. ह्या कोड्यासाठीं ब्रिटिश पार्लमेंटानें १७१४ सालीं वीस हजार पौंडांपर्यंत बक्षीस लावलें व रेखांशमंडळ स्थापन केलें. समुद्रावरहि बरोबर चालेल असें घड्याळ करणें हा एक मार्ग. जॉन हॅरिसननें त्यांत आपलें आयुष्य घातलें. दुसरा मार्ग चंद्राचा. चंद्र ताऱ्यांतून तासाला सुमारें अर्धा अंश सरकतो, म्हणजे तो आकाशाच्या तबकडीवरचा कांटाच होय. चंद्र अमुक ताऱ्यापासून किती अंतरावर आहे हें मोजावें, आणि तेंच अंतर ग्रीनिचच्या कोणत्या वेळीं असतें हें छापील कोष्टकांत पाहावें. कोष्टक मात्र आगाऊ तयार हवें, आणि तें बरोबर हवें. चंद्राच्या अंतरांत एका कलेची चूक झाली, तर वेळेंत सुमारें दोन मिनिटांची, रेखांशांत अर्ध्या अंशाची, आणि विषुववृत्ताजवळ सुमारें तीस नाविक मैलांची चूक होते. अंधाऱ्या रात्रीं खडक तीस मैल दूर आहे कीं पुढ्यांत आहे, ह्यांतलें अंतर छापखान्यांतील एका खिळ्याएवढें!

नेव्हिल मॅस्केलिन १७६५ सालीं ग्रीनिचच्या वेधशाळेचा मुख्य ज्योतिषी झाला. त्याच्या आधीं १७६१ सालीं सेंट हेलेना बेटाच्या सफरींत त्यानें चंद्राची रीत जहाजावर स्वतः वापरून पाहिलेली होती, आणि तिच्यांतील गणित खलाशाच्या आवाक्याबाहेरचें आहे हें त्याला पक्कें ठाऊक होतें. म्हणून त्यानें ठरविलें कीं, अवघड भाग किनाऱ्यावरच उरकून टाकावा व खलाशाच्या हातीं तयार आंकडे द्यावे. १७६७ सालाचें पंचांग हें पहिलें. हॅरिसनच्या घड्याळाला ह्या गृहस्थाकडून न्याय मिळाला नाहीं असें म्हणणारे पुष्कळ आहेत, व त्यांच्या म्हणण्यांत कांहींच तथ्य नाहीं असें नव्हे. परंतु कामाची वांटणी कशी करावी हें त्याच्यापासून शिकण्यासारखें आहे, आणि तें श्रेय त्याला दिलें पाहिजे.

दर महिन्याचीं बारा पानें, त्यांत सूर्य, चंद्र व ग्रह ह्यांचीं स्थानें, आणि चंद्राचीं ताऱ्यांपासूनचीं अंतरें तीन तीन तासांनीं. इतकें गणित एका माणसाच्यानें होणें शक्य नव्हतें. मॅस्केलिननें गांवोगांवचे गणक नेमले. कोणी शाळामास्तर, कोणी धर्मोपदेशक, कोणी मोजणीदार. सर्व जण आपापल्या घरीं बसून काम करीत. आकडेमोडीचा क्रम त्यांना लिहून दिलेला असे: कोणतें कोष्टक आधीं उघडावें, कोणता आंकडा कोणत्या घरांत मांडावा, हें सगळें. त्यांना लागणारीं पुस्तकेंहि पुरविलीं जात. प्रत्येक महिन्याच्या कामावर दोन गणक असत व त्यांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें काम करावयाचें. दोघांचे कागद तिसऱ्या माणसाकडे जात. ह्या तिसऱ्याला इंग्रजींत 'कंपेरर' म्हणत. मराठींत त्याला तपासनीस म्हणावें. हा तपासनीस गणकांचा वरिष्ठ खरा, पण तो मॅस्केलिनच्या वेधशाळेंतला नोकर नव्हे. पहिला तपासनीस रिचर्ड डन्थॉर्न केंब्रिजचा. पुढें मॅलेकाय हिचिन्स नांवाच्या धर्मोपदेशकानें कॉर्नवॉलमधील सेंट हिलरी ह्या खेड्यांत बसून १८०९ सालीं मरण येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षें, हें काम केलें.

तपासणें म्हणजे दोन कागद शेजारीं ठेवून बोट फिरवीत जाणें नव्हे. तपासनीसाचें मुख्य हत्यार अंतरें काढणें हें होतें. ज्याच्या जवळ कागद-पेन्सिल असेल त्यानें एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस, छत्तीस असे वर्ग ओळीनें मांडावे. लगतच्या दोन दोन आंकड्यांतील अंतरें तीन, पांच, सात, नऊ, अकरा अशीं येतात. आणि त्या अंतरांतील अंतर सर्वत्र दोनच. आतां सोळाच्या जागीं चुकून एकोणीस लिहिलें असें धरा. अंतरें तीन, पांच, दहा, सहा, अकरा अशीं येतात, आणि पुन्हां अंतरें काढलीं तर दोन, पांच, उणे चार, पांच! चूक लपूं पाहते तेथेंच ओरडते. चंद्राची गति वर्गांइतकी साधी नाहीं, तरी ती सावकाश बदलते. तेव्हां ओळींत कोठें उडी दिसली कीं तपासनीस तेथें थांबे. ह्या रीतीला मर्यादाहि आहे. सगळी ओळच एका चुकीच्या मुळावर उभारलेली असली तर अंतरें गुळगुळीत येतात व कांहींच दिसत नाहीं. म्हणूनच दोन स्वतंत्र गणक हवेत. एक ताळा दुसऱ्या ताळ्याची जागा भरून काढीत नाहीं. दोन्ही ठेवावे लागतात.

दोघांनीं स्वतंत्र काम करावें, हें लिहून देणें सोपें आहे. १७७० च्या सुमारास दोन गणकांनीं आपले आंकडे एकमेकांच्या कागदांवरून उतरवून घेतले. श्रम निम्मे झाले, मोबदला पुरा. हिचिन्सनें तें ओळखलें व मॅस्केलिननें दोघांनाहि काढून टाकलें. शाळेंत ज्यांचा जन्म गेला त्यांना हिचिन्सनें तें कसें ओळखलें असेल हें सांगावयास नको. दोन मुलांचीं उत्तरें बरोबर आलीं तर कोणी भुंवई उचलीत नाहीं. दोघांची एकच चूक एकाच ओळींत आली म्हणजे पाट्या शेजारीं होत्या हें ठरलें. वास्तविक त्या दोघांनीं कोठेंहि मुद्दाम खोटा आंकडा लिहिला नव्हता. तरी शिक्षा योग्यच होती, कारण त्यांना मिळणारा पैसा नुसत्या आंकड्यांचा नव्हता; दुसऱ्याच्या आंकड्याला साक्ष देण्याचा होता. एकाच्या तोंडून दोनदां वदविलेली साक्ष दोघांची होत नाहीं.

ह्याच न्यायानें पुढें चार्ल्स बॅबेजनें एक मोठी मजेची गोष्ट उघडकीस आणली. एड्रियन व्लाक ह्या डच गणित्याचीं लॉगॅरिथमचीं कोष्टकें १६२८ सालीं छापलीं गेलीं. त्यांत ज्या चुका होत्या त्यांपैकीं सहा बॅबेजनें निवडल्या व लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथालयांत असलेल्या एका चिनी कोष्टकांत पाहिल्या. सहाच्या सहा तेथें हजर! चिनी कोष्टकावर मूळ ग्रंथाचें नांव नव्हतें, पण चुकांनीं जन्मगांव सांगून टाकलें. अनेक कोष्टकें एकमेकांशीं जुळतात म्हणून तीं बरोबर, असें मानणारांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. जुळणें आणि बरोबर असणें ह्यांच्यामध्यें एक प्रश्न उभा असतो: हीं एकमेकांवरून उतरलेलीं तर नाहींत ना?

कामाची आणखी एक वांटणी फ्रान्समध्यें झाली. राज्यक्रांतीनंतर नवीन दशमान पद्धतीसाठीं कोष्टकें हवीं होतीं, व तें काम प्रोनी नांवाच्या इंजिनियराकडे आलें. त्यानें तीन वर्ग केले. पहिल्यांत पांच-सहा नामांकित गणिती. त्यांनीं फक्त सूत्रें निवडावयाचीं. दुसऱ्यांत सात-आठ जाणते लोक. त्यांनीं सूत्रांतून कागद आंखून द्यावयाचे व परत आलेले कागद तपासावयाचे. तिसऱ्यांत साठ ते ऐशीं माणसें. त्यांनीं केवळ बेरीज-वजाबाकी करावयाची. संबंध काम दोनदां, स्वतंत्रपणें झालें. बॅबेज लिहितो कीं, तिसऱ्या वर्गांतील दहांपैकीं नऊ जणांना बेरीज-वजाबाकीपलीकडे गणित येत नव्हतें, आणि ज्यांना अधिक येत होतें त्यांच्यापेक्षां ह्यांचेच आंकडे बहुधा अचूक निघत. हें वाचून विद्वानांनीं खट्टू होऊं नये. अधिक जाणणारा मनुष्य वाटेंत विचार करूं लागतो, आणि उतरवून काढण्याच्या कामांत विचार हा पुष्कळदां अडथळा ठरतो. परंतु सूत्र चुकलें असतें तर ह्या ऐशीं माणसांपैकीं एकालाहि तें कळलें नसतें, हेंहि तितकेंच खरें. हा महाग ग्रंथ पुरा कधींच छापला गेला नाहीं.

छपाईचा उल्लेख झाला तो बरा. हस्तलिखित निर्दोष झालें म्हणजे काम झालें, असें समजणारांना छापखाना लवकरच शहाणे करतो. जुळाऱ्याच्या हातून सहाच्या जागीं नऊ पडतो, दोन ओळींची अदलाबदल होते, छापतांना एखादा खिळा उपटून निघतो व घाईनें भलत्याच जागीं खोंचला जातो. शब्दांत अशी चूक झाली तर वाचणारा हसून पुढें जातो, कारण अर्थ त्याला सांभाळून नेतो. आंकड्याला असा पाठीराखा नसतो. नऊ हा सहाइतकाच सरळ चेहऱ्यानें उभा राहतो. बॅबेजनें १८२७ सालीं आपलीं लॉगॅरिथमचीं कोष्टकें छापलीं तेव्हां मुद्रितें निरनिराळ्या जुन्या कोष्टकांशीं पुन्हां पुन्हां ताडून पाहिलीं, आणि ठसे पाडून झाल्यावरहि तपासणी सोडली नाहीं. डोळा कोणत्या रंगाच्या कागदावर कमी थकतो हें पाहण्यासाठीं त्यानें रंगीबेरंगी कागदांवर कोष्टकाचे नमुने छापून घेतले. लोक त्याला विक्षिप्त म्हणत. त्याच्या आधीं, १८२१ सालीं, तो आणि जॉन हर्शेल ज्योतिषमंडळासाठीं दोन गणकांचे कागद ताडीत बसले असतां चुकांनीं जेरीस येऊन तो म्हणाला कीं, हीं गणितें वाफेच्या यंत्रानें होतीं तर किती बरें! त्या उद्गारांतून निघालेल्या यंत्राच्या आराखड्यांत आंकडे काढण्याबरोबर त्यांचे ठसे पाडण्याचीहि सोय होती, हें विसरतां कामा नये. मधला हातच नाहींसा करावा, असा त्याचा हेतु होता.

आतां पुन्हां मॅस्केलिनच्या पंचांगाकडे. त्याची व्यवस्था चाळीस-पंचेचाळीस वर्षें चालली व खलाशांचा तिच्यावर भरंवसा बसला. कॅप्टन कुकनें १७६८ सालच्या सफरींत हें पंचांग बरोबर घेतलें होतें. विल्यम वेल्स हा गणक १७७२ सालीं कुकच्याच दुसऱ्या सफरींत ज्योतिषी म्हणून गेला. ज्यानें आंकडे काढले त्यानेंच ते डुलत्या जहाजावर वापरून पाहिले! लिहिणाराला वाचणाराच्या जागीं बसविण्याची अशी संधि फार थोड्या ग्रंथांना मिळते.

पण ह्या व्यवस्थेंत एक उणीव होती, आणि ती तिच्या यशामुळेंच कोणाला दिसली नाहीं. नियम होते, पण ते पाळले जात आहेत कीं नाहींत हें पाहणारे डोळे दोघांचेच, एक हिचिन्सचे व एक मॅस्केलिनचे. कोणता गणक विश्वासाचा, कोणाच्या कागदांत कोणत्या प्रकारची चूक येते, हें त्यांच्या डोक्यांत होतें. हिचिन्स १८०९ सालीं गेला, मॅस्केलिन १८११ सालीं. नवा मुख्य ज्योतिषी जॉन पाँड हा वेध घेण्यांत निष्णात. पंचांगाकडे मात्र त्याचें लक्ष नव्हतें. चुका वाढल्या व बोभाटा झाला. १८१८ सालीं पंचांगाची जबाबदारी पाँडकडून काढून टॉमस यंग ह्याला दिली. यंग हा असामान्य बुद्धीचा पुरुष. प्रकाशाच्या लहरी आणि मिसरी चित्रलिपी ह्या दोन्ही विषयांत त्याचें नांव आहे. तरीहि ज्योतिष्यांचें समाधान होईना. फ्रान्सिस बेली व जेम्स साउथ ह्यांनीं टीकेची झोड उठविली. त्यांचें म्हणणें, पंचांग ज्योतिष्यांच्याहि उपयोगाचें हवें. यंगचें म्हणणें, तें खलाशांसाठीं आहे, त्यांना नको ते आंकडे कशाला? ह्या वादांत यंगची बाजू वाटते तितकी लंगडी नव्हती. पुस्तक कोणासाठीं आहे हें ज्यानें ठरवावयाचें तो, आणि त्यांतील चुका ज्यानें काढावयाच्या तो, हे दोन अधिकार त्या भांडणांत एकमेकांत गुंतले, व दोन्हीकडचे लोक एकाच्या नांवानें दुसरा मागूं लागले. असें भांडण जेथें जेथें पुष्कळ जण मिळून लिहितात तेथें तेथें आजहि होतें.

रेखांशमंडळ १८२८ सालीं बरखास्त झालें, यंग पुढल्याच वर्षीं वारला, आणि १८३० सालीं ज्योतिषमंडळाच्या समितीनें पंचांगाच्या सुधारणेचा अहवाल दिला. त्याप्रमाणें १८३४ सालचें पंचांग नव्या रूपांत निघालें. १८३१ सालीं नेमलेल्या स्ट्रॅटफर्ड ह्या अधीक्षकाच्या हाताखालीं लंडनमध्यें कायमची कचेरी झाली. गांवोगांव घरीं बसून काम करणारे गणक गेले व एका छताखालीं पगारी नोकर आले. टपालाचे हेलपाटे वांचले, शंका विचारावयाला माणूस समोर मिळूं लागला, आणि कामाची रीत एका माणसाच्या डोक्यांतून निघून कचेरीच्या वह्यांत आली. छत्र्यांच्या हातीं जें नाविक पंचांग आलें तें ह्या कचेरीचें. मात्र जें स्वातंत्र्य पूर्वीं दोन गांवांतील कोसांनीं राखलें होतें, तें आतां शेजारच्या दोन टेबलांमध्यें नियमानें राखावें लागणार होतें.

ह्या बदलाची किंमत एका घराला द्यावी लागली. लडलो गांवीं जॉन एडवर्ड्स नांवाचा धर्मोपदेशक राही. त्याला दुर्बिणीचे आरसे घडविण्याचा नाद होता, आणि त्याच्या नांवावर पंचांगाचें गणित येत असे. १७८४ सालीं तो वारला तेव्हां त्याची पत्नी मेरी हिनें हें काम आपल्यालाच द्यावें अशी मॅस्केलिनला विनंती केली. नवऱ्याच्या नांवावर आलेलें बरेंचसें गणित आजवर तीच करीत आली होती. मॅस्केलिननें तें काम तिच्या स्वतःच्या नांवावर चालू ठेवलें. त्याच्या दृष्टीनें प्रश्न एवढाच होता कीं आंकडे ताळ्याला उतरतात कीं नाहीं, आणि ते उतरत होते. त्या मिळकतीवर तिनें आपलें व मुलींचें पोट भरलें. १८१५ सालीं ती मरण पावल्यावर तिची मुलगी ईलायझा तेंच काम करूं लागली. १८३२ सालीं सगळें गणित लंडनच्या कचेरींत गेलें. ती सरकारी नोकरी. आणि त्या काळीं तेथें स्त्रियांना जागा नव्हती. अर्ध्या शतकाहून अधिक काळ लडलोच्या टपालानें येणारे ते कागद त्या वर्षीं यावयाचे बंद झाले.